छायालेखकाचा वेळ कापू नका: वाहिन्यांच्या आणि ओटीटी मंचांच्या कार्यक्रमप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
दूरचित्रवाणी वाहिन्यांचे व ओटीटी मंचांचे कार्यक्रमप्रमुख
आणि मालिकांचे निर्माते यांस,

स. न. वि. वि.

मालिकेचे अंदाजपत्रक आपल्या टेबलावर येते तेव्हा त्यात कॅमेरे, लेन्स, दिवे, क्रेन आणि जनरेटर यांच्या भाड्याचा दिवसागणिक हिशेब असतो, आणि छायालेखकाच्या नावापुढे चित्रीकरणाचे दिवस लिहिलेले असतात. पटकथा वाचण्याचे, जागा पाहण्याचे, दिव्यांचा आराखडा करण्याचे आणि भिंतीच्या रंगावरून कला विभागाशी वाद घालण्याचे दिवस त्यात बहुधा अर्धेमुर्धे धरलेले असतात. चित्रीकरण संपल्यावर ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचा रंग आणि उजेड पक्का करण्याच्या, खोलीत बसण्याचे दिवस पुष्कळदा नसतातच, आणि दोन शिफ्टांमधल्या झोपेचा तर कुठल्याच रकान्याशी संबंध नसतो. आम्ही छायालेखक आपल्याकडे ज्या गोष्टी मागत आलो आहोत त्यांची यादी मोठी आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु बरीच वर्षे मालिकांच्या सेटवर काढल्यानंतर माझे असे मत झाले आहे की त्या यादीतल्या बहुतेक गोष्टींच्या मुळाशी एकच मागणी आहे आणि ती उपकरणांची नाही. आम्हाला वेळ हवा आहे, तो करारात लिहिलेला हवा आहे, आणि पैशाची पहिली ओढाताण सुरू होताच सर्वांत आधी तोच कापला जाऊ नये, एवढी आमची अपेक्षा आहे.

मालिकेचे छायालेखन म्हणजे सिनेमाच्या छायालेखनाची धाकटी पाती, असा समज आपल्या बैठकांमध्ये अजूनही वावरतो. प्रत्यक्षात दोन्हीकडची जबाबदारी मुळातच वेगळी आहे. सिनेमाला सहसा एकच दिग्दर्शक असतो आणि चित्र कसे दिसावे याबद्दलचा शब्द प्रामुख्याने त्याचा चालतो. मालिकेत एक-दोन भागांनंतर दिग्दर्शक बदलू शकतो, लेखक बदलतात, कधी संकलकही बदलतो. पहिल्या भागापासून हंगामाच्या अखेरपर्यंत सेटवर टिकून राहणाऱ्या मोजक्या माणसांत छायालेखक असतो. या जिन्यावर सकाळचा उजेड कोणत्या बाजूने येतो, या पात्राला आपण खालच्या कोनातून कधीच का दाखवत नाही, अमुक अभिनेत्रीच्या डोळ्यांखाली सावली पडू नये म्हणून दिवा किती खाली आणावा लागतो, हे नव्याने आलेल्या दिग्दर्शकाला तोच सांगतो. प्रेक्षक ज्या रूपामुळे एखादी मालिका आवाज बंद असतानाही ओळखतात, ते रूप भागाभागांतून सांभाळण्याचे काम त्याचे असते. असे असूनही मालिकेचे रूप ठरवणाऱ्या पहिल्या बैठकांना तो बहुतेक वेळा हजर नसतो, कारण तोवर त्याची नेमणूकच झालेली नसते.

या माध्यमाच्या सुरुवातीच्या काळातील एक उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १९५१ मध्ये ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ या अभिनेत्या दाम्पत्याची ‘आय लव्ह ल्युसी’ ही विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा अमेरिकेतील बहुतेक विनोदी कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या शहरांना किनेस्कोपची, म्हणजे चालू पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली, धुरकट प्रत मिळे. प्रायोजकाला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट हवा होता, आणि या दाम्पत्याला हॉलिवूड सोडायचे नव्हते. तोडगा असा निघाला की समोर प्रेक्षक बसवून, तीन कॅमेऱ्यांनी, ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण करायचे. हे जमवण्यासाठी त्यांनी कार्ल फ्रॉइंड यांना पाचारण केले. दिग्दर्शक मुर्नाऊंचा ‘द लास्ट लाफ’ आणि फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटांच्या छायालेखनात ज्यांचा मोठा वाटा होता आणि १९३७ च्या ‘द गुड अर्थ’साठी ज्यांना ऑस्कर मिळाले होते, असे हे गृहस्थ. अनेक कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रीकरण करण्याचा प्रयोग त्यांच्या आधीही झाला होता, त्यामुळे शोधाचे श्रेय त्यांना देण्याचे कारण नाही. त्यांनी ओळखले ते असे की खरी अडचण प्रकाशाची आहे: एका कॅमेऱ्यासाठी दिवा जिथे हवा असतो तिथे तो दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत येतो, आणि प्रेक्षक बसलेले असताना प्रत्येक कोनासाठी दिवे हलवता येत नाहीत. म्हणून त्यांनी बहुतेक दिवे वर टांगले, जमीन कॅमेऱ्यांच्या ट्रॉल्यांसाठी मोकळी ठेवली आणि तिन्ही कोनांतून चालेल असा समतोल प्रकाश आधीच बसवून घेतला.

फिल्मचा वाढीव खर्च सोसायला तेव्हाही कुणी आनंदाने तयार नव्हते. दाम्पत्याने आपल्या मानधनात कपात स्वीकारली आणि त्या बदल्यात भागांची मालकी मिळवली. पुढे काय झाले ते आपल्या व्यवसायात सर्वांना माहीत आहे: हाती चांगली निगेटिव्ह असल्यामुळे ते भाग पुन्हा पुन्हा दाखवता आले, आणि पुनःप्रक्षेपणातून पैसा मिळवण्याची जी पद्धत आज आपण गृहीत धरतो तिची घडी बसण्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा होता. अनुभवी छायालेखकाला चित्रीकरणाच्या आधी विचार करायला बसवणे ही चैन नव्हती, हे यावरून दिसते. फ्रॉइंड यांचा तो सपाट प्रकाश मला व्यक्तिशः फारसा आवडत नाही, हेही सांगून टाकतो. परंतु तो त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. आजच्या पुष्कळ मालिकांतला सपाट प्रकाश कुणीच निवडलेला नसतो. इतर काही करायला वेळ न उरल्यामुळे तो मागे राहिलेला असतो.

हा वेळ नेमका कुठे जातो, ते कार्यालयात बसून दिसत नाही, म्हणून एक अगदी साधा प्रसंग घेऊ. पटकथेची तीन पाने. खिडकीजवळच्या टेबलाशी दोन माणसे बोलत आहेत, वेळ दुपारची. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, म्हणून आधी काचांवर एनडी जेल, म्हणजे उजेड कमी करणारा करडा पारदर्शक कागद, लावून तो उतरवावा लागतो, नाहीतर खिडकी पांढरीफटक होते किंवा चेहरे काळवंडतात. जेलला सुरकुती पडली की ती क्लोजअपमध्ये चमकते, म्हणून लाइटमन शिडीवर उभा राहून ती तळहाताने ताणत बसतो. मग सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा मास्टर शॉट, मग एका बाजूचे, समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेले ओव्हर-शोल्डर आणि क्लोजअप. त्यानंतर सगळा सरंजाम उलट्या बाजूला फिरवायचा: मघाशी कॅमेऱ्यामागे उभी असलेली भिंत आता चौकटीत येते, म्हणून तिथले स्टँड, केबल, मॉनिटर आणि खुर्च्या उचलायच्या. एव्हाना सूर्य सरकलेला असतो. पडद्यावर हे संभाषण चार मिनिटांचे आहे आणि दोघांच्या चेहऱ्यांवर एकच दुपार दिसली पाहिजे, म्हणून बाहेर मोठा दिवा उभा करून, त्यापुढे कापडाची चौकट धरून, गेलेली दुपार परत आणावी लागते. नेमक्या त्याच वेळी पहिला सहायक दिग्दर्शक घड्याळ दाखवत विचारतो, ‘सर, अजून किती?’ प्रामाणिक उत्तर वीस मिनिटे असते. तोंडातून दहा निघतात, आणि राहिलेली दहा मिनिटे दुसऱ्या अभिनेत्याच्या क्लोजअपमधून वजा होतात. दिवसाच्या शेवटच्या तासात ज्याचा क्लोजअप येतो तो अभिनेता एकतर दुर्दैवी असतो किंवा नवीन.

या घाईवरचा आपला आवडता उपाय म्हणजे दुसरा कॅमेरा. कॅमेरे समोरासमोर लावून दोन्ही क्लोजअप एकाच वेळी घेतले की निम्मा वेळ वाचतो, असे गणित मांडले जाते. गणित बरोबर आहे, फक्त त्यात प्रकाश धरलेला नाही. एका चेहऱ्याला खुलवणारा दिवा जिथे ठेवायचा तिथेच समोरच्या कॅमेऱ्याची चौकट असते. तो बाजूला, वर आणि दूर न्यावा लागतो, आणि मग दोन्ही चेहरे नीट उजळतात पण दोघांनाही उठाव उरत नाही. विनोदी प्रसंगात, जिथे एकाच्या बोलण्यावरची दुसऱ्याची प्रतिक्रिया ताजी हवी असते, तिथे मी स्वतः दोन कॅमेरे मागून घेतो. विरोध दुसऱ्या कॅमेऱ्याला नाही. तो कधी वापरावा हे प्रसंग न वाचता वेळापत्रकानेच ठरवण्याला आहे.

डिजिटल कॅमेऱ्याने वेळ वाचला, हा दुसरा समज. ३५ मिलिमीटरचे हजार फुटांचे मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायची फिल्मची पेटी, सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने साधारण अकरा मिनिटे चाले. ते संपले की फिल्म भरणारा लोडर येई, मॅगझिन बदले, आणि तेवढ्यात फोकस सांभाळणारा फोकस पुलर आपल्या खुणा तपासे, दिव्यांचा प्रमुख गॅफर दिव्याचा कोन सुधारे, ऑपरेटर खांद्यावरचे वजन उतरवी. ती विश्रांती कुणी मंजूर केलेली नव्हती, यंत्राने ती बळेच दिलेली होती. आज कार्ड संपत नाही, म्हणून ‘कट’ही होत नाही, टेक चालू असतानाच दिग्दर्शक संवाद पुन्हा म्हणायला सांगतो आणि ऑपरेटर सगळे वजन खांद्यावर घेऊन त्याच जागी उभा राहतो. मोठ्या सेन्सरवर लेन्स पूर्ण उघडी ठेवण्याची हौस सगळ्यांनाच असल्यामुळे फोकसमध्ये राहणारे अंतर काही सेंटिमीटरांवर आलेले असते, आणि अभिनेता जरासा पुढे झुकला की त्याचे नाक स्पष्ट आणि डोळे धूसर दिसतात. संकलकाकडे कैक तासांचे अधिकचे चित्रीकरण जाऊन पडते ते वेगळेच. फिल्मचे दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही. यंत्राने काढून घेतलेली विश्रांती आता वेळापत्रकाने द्यायला हवी, इतकेच म्हणणे आहे.

झोपेचा विषय याहून गंभीर आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये एका चित्रपटाचा सहायक कॅमेरामन सुमारे १९ तासांचा दिवस संपवून घरी गाडी चालवत निघाला आणि वाटेत अपघातात गेला. छायालेखनासाठी दोन ऑस्कर मिळवलेले हॅस्केल वेक्सलर त्यानंतर या प्रश्नाच्या मागे लागले. बारा तास काम आणि बारा तास विश्रांती ही मागणी त्यांनी लावून धरली आणि २००६ मध्ये अपुऱ्या झोपेच्या प्रश्नावर माहितीपटही केला. २०१५ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले, तोवर ती मागणी मान्य झालेली नव्हती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयएटीएसई या तिथल्या तंत्रज्ञांच्या संघटनेने सुमारे ६० हजार सभासदांसाठी संपाचा कौल घेतला. मतदान करणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक जणांनी संपाच्या बाजूने मत दिले आणि संपाच्या उंबरठ्यावर तडजोड झाली. तीत दोन दिवसांमध्ये किमान दहा तासांची आणि आठवड्याअखेर ५४ तासांची विश्रांती मान्य झाली. हा आकडा पुन्हा वाचावा. जगातल्या सर्वांत श्रीमंत चित्रनिर्मिती उद्योगात, इतक्या मोठ्या संघटनेला, संपाची धमकी देऊन रात्रीचे दहा तास मिळवावे लागले, आणि त्या दहा तासांतच घरी जाणे, जेवणे आणि परत येणे बसवायचे असते. जिथे अशी संघटना नाही, तिथे रात्री उशिरा पॅकअप आणि पहाटे कॉलटाइम (सेटवर हजर होण्याची वेळ) या दोहोंमध्ये काय उरत असेल, ते आपल्या निर्मिती व्यवस्थापकाला एकदा विचारून पाहावे.

छायालेखक बाकीच्यांपेक्षा जास्त थकतो, असा माझा दावा नाही. त्याच्या थकव्याचा परिणाम मात्र इतरांवर होतो. उंचावर टांगलेला दिवा साखळीने बांधला आहे की नाही, पावसाच्या दृश्यात केबलचे जोड पाण्यापासून दूर आहेत की नाही, चालत्या गाडीवर कॅमेरा बसवताना ऑपरेटरचा पट्टा अडकवला आहे की नाही, हे प्रत्यक्ष करणारी माणसे वेगळी असली तरी ‘थांबा’ म्हणण्याचे वजन त्याच्या शब्दाला असते. बारा-चौदा तासांनंतर माणूस तो शब्द उच्चारायला कचरतो, कारण प्रत्येक ‘थांबा’ म्हणजे आणखी पाऊण तास, हे त्याला कळत असते.

येथे ब्रायन मर्फी यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९८० मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सने सभासदत्व दिलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांची कारकीर्द मुख्यतः दूरचित्रवाणीवर घडली. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ आणि ‘हायवे टू हेवन’ यांसारख्या मालिकांचे काम त्यांनी केले. ऑस्कर अकादमीने त्यांना १९८२ चा तांत्रिक पुरस्कार दिला तो चालत्या वाहनांचे चित्रीकरण करणारी कॅमेरा-गाडी आणि तिच्यामागे जोडायचा ट्रेलर यांच्या रचनेसाठी, एका सहकाऱ्याबरोबर. कॅमेरा विभागातल्या माणसाने कॅमेरा विभागासाठी घडवलेले हे साधन होते. आणि त्यांच्यानंतरच्या चार दशकांतही या खुर्चीत स्त्रिया इतक्या कमी का दिसतात, याची चर्चा आपल्या परिसंवादांत होते तेव्हा प्रशिक्षणाचा, मानसिकतेचा आणि संधीचा मुद्दा निघतो. तो रास्तच आहे. पण घरी लहान मूल असलेल्या कुणालाही, स्त्री असो वा पुरुष, ज्या पेशात उद्याचा कॉलटाइम आज रात्री उशिरा कळतो त्या पेशात टिकून राहणे अवघड जाते, हा मुद्दा क्वचितच निघतो, कारण त्याचे उत्तर परिसंवादातून देता येत नाही. ते वेळापत्रकातूनच द्यावे लागते.

कारकिर्दीचा जिनाही मधल्या काळात बदलला आहे. पूर्वी माणूस क्लॅपर (टेकची पाटी धरणारा) किंवा लोडर म्हणून येई, काही वर्षे फोकस ओढी, मग ऑपरेटर होई, आणि एखाद्या दिवशी छायालेखक आजारी पडला की त्याच्या जागी उभा राही. या प्रवासात त्याने अनेकांच्या चुका जवळून पाहिलेल्या असत. आता चांगला कॅमेरा सहज हाती येतो आणि तरुण मुले थेट छायालेखक म्हणूनच सुरुवात करतात. त्यांतली काही विलक्षण गुणी आहेत. त्यांची नजर आमच्यापेक्षा ताजी आहे. मात्र लाइटमनशी कसे बोलावे आणि निर्मात्याला नाही कसे म्हणावे, हे त्यांना कुणी दाखवलेले नसते. दुसऱ्या टोकाला पन्नाशी ओलांडलेला छायालेखक असतो, ज्याचे गुडघे आणि पाठ कुरकुरत असते आणि ज्याचा पुढचा हंगाम मंजूर झाला की नाही हे त्याला महिनोन्महिने कळत नाही. अमेरिकी नेटवर्कच्या मालिकांत एका हंगामाचे वीस-बावीस भाग असत. ओटीटीवर ते आठ-दहावर आले. प्रत्येक भागाचे चित्र निःसंशय सुधारले, पण एका मालिकेवर वर्षभर काम मिळण्याची शाश्वती संपली. दोन हंगामांमधल्या काळात त्याला दुसरे काम धरू देण्यास करारातील अटी आडव्या येणार असतील, तर त्या काळाचा मोबदलाही करारात हवा.

तयारीसाठी वेळ काढता येत नाही, असे आपण म्हणता. तो काढता येतो, हे आपणच सिद्ध केले आहे. २०१९ मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेने पार्श्वभूमी दाखवणाऱ्या प्रचंड एलईडी भिंतीसमोर चित्रीकरण केले. सुमारे २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाच्या त्या वर्तुळात वाळवंट किंवा गुहा भिंतीवर प्रत्यक्ष दिसत असे आणि तिचाच उजेड नटाच्या शिरस्त्राणावर पडत असे. ग्रेग फ्रेझर आणि बाझ आयडोइन यांना तिच्या छायालेखनासाठी २०२० मध्ये एमी पुरस्कार मिळाला. या तंत्राची एक अट आहे: भिंतीवर जे दिसायचे आहे ते चित्रीकरणापूर्वी तयार असावे लागते, म्हणजे प्रकाशाची दिशा, वेळ आणि रंग हे सर्व छायालेखकाशी बसून आधीच ठरवावे लागते. यंत्राने अट घातली तेव्हा तयारीचे आठवडे सापडले. माणूस तीच मागणी करतो तेव्हा ती खर्चिक ठरते, ही विसंगती आपल्या लक्षात यावी. याहून साधा मार्गही जुना आहे. अनेक तासाभराच्या मालिकांत दोन छायालेखक आळीपाळीने काम करतात. एक चित्रीकरण करत असताना दुसरा पुढच्या भागाच्या दिग्दर्शकाबरोबर जागा पाहतो. एका माणसाचे मानधन वाढते हे खरे. पण सेटवर पोहोचल्यावर ‘इथे वीज कुठून घ्यायची’ या प्रश्नाने सगळे युनिट ताटकळत उभे राहते, त्या तासांची किंमत आपल्या हिशेबनिसाने कधी मांडली आहे का?

चित्रीकरणानंतरचा वेळ हा या पत्रातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, कारण तिथे छायालेखकाच्या अनुपस्थितीत त्याचे काम बदलले जाते. ग्रेडिंगमध्ये रंगतज्ज्ञ चित्राचा उजेड, छटा आणि गडदपणा निश्चित करतो. तो कुशल असतो, पण अमुक खोली मुद्दाम अंधारी ठेवली होती की घाईत तशी राहिली, हे त्याला चौकटीकडे पाहून कळत नाही. मग पाठीमागच्या सोफ्यावर बसलेले कुणीतरी म्हणते, ‘थोडे उजळ करा’, आणि ते होते. माझ्याच एका मालिकेत एक पूर्ण रात्र अशी संध्याकाळ झाली. मी ते प्रक्षेपणाच्या वेळी घरच्या टीव्हीवर पाहिले.

२८ एप्रिल २०१९ रोजी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा भाग प्रक्षेपित झाला तेव्हा अगदी उलट तक्रार झाली: काहीच दिसत नाही. त्या भागातल्या रात्रीच्या लढाईमागे रात्रीच्या चित्रीकरणाचे सुमारे अकरा आठवडे होते. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी अंधार हेतुपूर्वक होता असे सांगितले आणि प्रेक्षकांच्या टीव्हीची मांडणी व प्रक्षेपणात होणारे कॉम्प्रेशन, म्हणजे चित्राची माहिती दाबून लहान करणे, यांच्याकडे बोट दाखवले. मला या वादात दोन्ही बाजू पटतात. नियंत्रित मॉनिटरवर, अंधाऱ्या खोलीत जे दिसते ते दिवा लावलेल्या दिवाणखान्यात दिसेलच असे नाही, आणि छायालेखकाने त्याचाही विचार करायला हवा. पण कॉम्प्रेशनमध्ये आधी बळी जातात त्या काळ्या रंगातल्या सूक्ष्म छटाच, आणि तिथे गुळगुळीत अंधाराऐवजी चौकोनी डाग दिसू लागतात, ही छायालेखकाच्या हातातली गोष्ट नाही. तो अखेरपर्यंत प्रक्रियेत असेल, प्रेक्षकाकडे जाणारी प्रत साध्या टीव्हीवर एकदा पाहू शकेल, तर निदान आपला अंधार कितपत तगतो हे त्याला वेळेवर कळेल.

जुन्या मालिका नव्याने विकताना तर त्याची आठवणही राहत नाही. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ची एचडी आवृत्ती २०१४ मध्ये दाखवली गेली, तेव्हा मूळ ४:३ चौकट रुंद केल्यामुळे काही ठिकाणी कडेला उपकरणे आणि तंत्रज्ञ दिसू लागले, आणि दिवसा चित्रित करून नंतर रंग बदलून साधलेल्या रात्री पुन्हा दिवस होऊन बसल्या. पिशाच भर उन्हात हिंडताना पाहून प्रेक्षक हसले. मूळ काम करणाऱ्याला एक फोन केला असता तर कोणत्या दृश्याला कोणता संस्कार होता हे कळले असते.

प्रेक्षकांच्या घरी तर आणखी एक अदृश्य संकलक बसलेला असतो. नव्या टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय कारखान्यातूनच चालू येते आणि सेकंदाला २४ चौकटींच्या मधे ती स्वतः कल्पिलेल्या चौकटी भरते. २०१८ मध्ये अभिनेते टॉम क्रूझ यांनी ती बंद करण्याचे आवाहन केले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये टीव्ही कंपन्या व स्टुडिओ यांच्या यूएचडी अलायन्स या गटाने असे सर्व संस्कार एका बटणाने बंद करणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या ऐकू शकतात, तर चित्रावर शेवटचा हात फिरवणाऱ्या आपल्या विभागाने आम्हाला खोलीत बसू देणे कठीण नसावे.

आपला नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे. प्रेक्षक मालिका मोबाइलवर पाहतात, काम करता करता पाहतात, त्यांना कथेशी देणेघेणे असते, प्रकाशाचे बारकावे कोण बघतो? आक्षेप निराधार नाही. कथा नसेल तर कुठलाही प्रकाश मालिकेला वाचवत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु लहान पडद्यावर चेहरा जेमतेम अंगठ्याएवढा होतो, तेव्हा डोळ्यांतली चमक दिसली नाही तर अभिनयच पोहोचत नाही. लहान पडद्यासाठी काळजी जास्त लागते, कमी नाही.

तेव्हा विनंती तीन गोष्टींची आहे. छायालेखकाची नेमणूक जागांची निवड आणि सेटचा रंग ठरण्यापूर्वी व्हावी, आणि तयारीचे मानधनासह दिवस प्रत्येक भागाच्या वेळापत्रकात छापलेले असावेत. कॅमेरा आणि प्रकाश विभागातील प्रत्येकाला, सर्वांत कनिष्ठ सहायकासह, पॅकअप आणि पुढचा कॉलटाइम यांच्यामध्ये किमान बारा तास मिळावेत, आणि अपवाद करायचा झाल्यास तो निर्मात्याने लेखी करावा; तोंडी सांगितलेला अपवाद आठवड्याभरात नियम होतो. ग्रेडिंगचे दिवस छायालेखकाच्या करारात मानधनासह असावेत, आणि पुढे कधी जुन्या मालिकेची चौकट वा रंग बदलणार असाल तर त्याला आधी कळवावे. तो तेव्हा दुसऱ्या चित्रीकरणावर दूर असतो, ही सबब आता चालण्यासारखी नाही: रंग जुळवलेल्या मॉनिटरवर दूर बसून ग्रेडिंग पाहण्याची सोय आज उपलब्ध आहे, आणि महासाथीच्या काळात आपण सर्वांनी ती वापरलीही आहे.

पुढील हंगामाच्या करारांचे मसुदे आपल्या विधी विभागाकडे जाण्यापूर्वी ही तीन कलमे त्यांत घालावीत. यांपैकी ज्या कलमाला आपली हरकत असेल, त्याची कारणे आणि त्यामागचा खर्चाचा हिशेब आपण लेखी कळवावा. त्या हिशेबावर समोरासमोर बसून बोलण्यास आम्ही तयार आहोत.

कळावे,

आपला,
मालिकांच्या सेटवरील एक छायालेखक